काटा शून्यावर

रोज सकाळी पोती यायच्या आधी
मी रिकामा काटा बघते.
तबकडी फडक्याने पुसलेली,
तिच्यावर काही नाही, हाताची सावलीसुद्धा नाही,
आणि सुई शून्यावर.
मग दार उघडते.

झिलू माजिक हसतो :
वहिनी, रोज काय बघता?
काटा काय रात्री उठून फिरायला जातो?
त्याचं वय तेवीस.
त्याने शेटचा काटा पाहिलेला नाही.

शेट यायचा डिसेंबरात, केरीहून घाट चढून,
जीपच्या मागच्या दांडीला स्प्रिंगचा काटा लटकवून.
रिकामा असतानाच त्याची सुई
शून्याच्या खाली, दीड किलो बुडालेली.
वर पोत्याचे दोन, ओलीचा एक, खड्यांचा अर्धा.
भावाचं विचारलं तर म्हणायचा, भाव म्हापशात ठरतो.
एकदा म्हापशाला गेले, विचारलं.
म्हणाले, बाई, भाव लंडनात ठरतो.
परतीच्या बसचं तिकीट बेचाळीस रुपये,
ते मात्र जागच्या जागी ठरलेलं.

संस्था झाली तेव्हा आम्ही अकरा घरं.
वाळपईहून रबरी शिक्का करून आणला,
त्यात सहकारीचा काना राहिला.
सहकरी, सहकरी, असं वर्षभर उमटत राहिलं
आणि मग कुणाला खटकेनासं झालं.

तपासायला बंगळूरचा एक पोरगा आला.
सुपारीखालची झाडं मोजली, मिरीचे वेल मोजले,
औषध मारता का, पाणी कुठून, बायकांच्या नावावर खातं आहे का.
आहे, म्हटलं. माझंच आहे.
मुलांना कामाला लावता का?
म्हटलं, रविवारी माझी दीक्षा खाली पडलेली बोंडं वेचते,
अर्धी टोपलीत, अर्धी तोंडात,
उदमांजर आणि ती, दोघांची चव सारखीच.
त्याने काहीतरी लिहिलं.
काय ते मला अजून ठाऊक नाही.

गेल्या साली कुठल्यातरी देशात पीक बख्खळ आलं
आणि आमच्या डोंगरावर भाव कोसळला.
खालच्या गावच्यांनी बोंडं झाडावरच काळी होऊ दिली.
आमच्या कागदावर मात्र एक आकडा होता,
ह्याच्या खाली नाही, असा.
विहिरीला असतो तसा तळ.
पाणी फार नव्हतं, पण घागर आपटून बुडाला.

किलोमागे वरचे जे थोडे आले
त्यांच्यावरून देवळाच्या मंडपात तीन रात्री भांडण.
बाबल म्हणाला, वाटून टाका.
झिलूला जीप हवी होती, जुनी चालेल.
प्रेमावतीने फक्त तळहात पुढे केला,
शेणाने सारवलेल्या खळ्यातून रोज खडे निवडणारा.
सिमेंटचं खळं झालं.
फेब्रुवारीपर्यंत त्यावर कॉफी वाळते,
नंतर पोरं क्रिकेट खेळतात,
आणि चेंडू कुळागरात गेला की आऊट.

श्रीमंत कुणी झालं नाही.
सत्यवतीची दोन पोती बुरशीपायी परत आली,
सांगायला मीच गेले, तिने चहा दिला, बोलली नाही.
गवा कुंपण मोडतो, त्याला करार वाचता येत नाही.

आणि मागच्या मंगळवारी
सुई शून्याच्या वर होती. दोनशे ग्रॅम.
बाहेर नऊ पोती, नऊ माणसं, ऊन चढलेलं.
बाबल आत डोकावला, हळूच म्हणाला,
असू दे गं, आपल्याच बाजूला झुकलाय.

मी त्याच्याकडे बघितलं.
शेटही एखाद्या सकाळी
पहिल्यांदा असंच म्हणाला असेल, कुणाला तरी, हळूच.

झिलूला हाक मारली. तो पाना घेऊन खाली वाकला.
तासभर कुणी उठलं नाही,
कुणीतरी विडी पेटवली, कुणी पोत्यावरच झोपलं.
स्क्रू फिरला, सुई थरथरली,
पुढे गेली, मागे आली,
थांबली.

आण, म्हटलं, बाबल. तुझंच पहिलं.